चौसष्ट पिवळ्या चिठ्ठ्या

(दोघं मोबाईलवर. वहिनी तळमजल्यावर, ऑक्सिजनच्या गाड्या पाठवायच्या टेबलाशी. तिचा धाकटा दीर तिसऱ्या मजल्यावर, सर्व्हरच्या खोलीत. दुपारचे बारा वाजून चार मिनिटं.)

वहिनी: हात लावायचा नाही म्हटलं ना! आधी त्या मशीनपासून दोन पावलं मागे व्हा.

भावजी: मागे व्हायला जागा कुठाय? ही खोली नाही, कपाट आहे. आणि मी हात लावला नाही तर कोण लावणार, वहिनी? बावीसच्या बावीस स्क्रीन थिजल्यात. अख्खं ऑफिस हात बांधून बसलंय.

वहिनी: दिसतंय मला. फोनवरच्या दोघी माझ्याकडे अशा बघतायत जशी काय मीच वायर तोडली. पण थिजलंय म्हणजे गेलेलं नाही ना? मला सगळं दिसतंय की.

भावजी: दिसतंय ते नुसतं चित्र. माउस हलवून बघा.

वहिनी: दहा मिनिटं तेच करतेय. मनगट दुखायला लागलं. झालंय काय ते सांगा.

भावजी: डिस्क भरली. ठासून. सुई ठेवायला जागा नाही.

वहिनी: कोणी भरली?

भावजी: राहू द्या ते.

वहिनी: अहो, कोणी भरली?

भावजी: तुम्ही.

वहिनी: मी? मी गाड्या पाठवते, भावजी. मी काय भरणार तुमच्या डिस्कमध्ये, सिलिंडर?

भावजी: तुमच्या टेबलावर ती काळी डबी आहे ना, तो कॉम्प्युटर नाहीये. नुसती खिडकी आहे. खरे कॉम्प्युटर सगळे इथे, या एका मशीनच्या पोटात. बावीस जणांचे बावीस. संध्याकाळी माणूस साइन-आउट करून उठला की त्याचा डेस्कटॉप पुसला जातो, सकाळी नवा कोरा मिळतो. म्हणून तर एवढ्याशा जागेत सगळे मावतात. एकवीस जण रोज करतात साइन-आउट.

वहिनी: मीपण रोज बंद करूनच उठते.

भावजी: स्क्रीन बंद करता! दिवा घालवता तुम्ही, वहिनी. इथे रोज घर पाडून नवं बांधायचं असतं. तुमचं घर सात महिने पडलेलं नाही. आणि तो गाड्यांचा नकाशा उघडा ठेवलाय ना कायम? तो दर दहा सेकंदांनी नवा निघतो आणि जुना जपून ठेवतो. सात महिन्यांचे नकाशे आहेत माझ्या डिस्कवर. कुठली गाडी कुठल्या सिग्नलला थांबली, सगळं. तुमच्या एकटीचं पोट एवढं सुटलंय की बाकी एकवीस जण कोपऱ्यात चेंगरलेत.

वहिनी: पोटावर जाऊ नका. उपाय बोला.

भावजी: एक बटण. तुमचा डेस्कटॉप पुसतो, जागा मोकळी, पाच मिनिटांत सगळे चालू. तेच करायला चाललो होतो तर तुम्ही किंचाळलात.

वहिनी: ते नाही करायचं.

भावजी: का पण?

वहिनी: काम आहे त्यात.

भावजी: काम अॅपमध्ये असतं. अॅपची सगळी माहिती दुसऱ्या डिस्कवर आहे, तिला धक्का नाही. पेशंट, पत्ते, कुठला सिलिंडर कधी दिला, सगळं सुखरूप.

वहिनी: अॅपमध्ये नाही म्हणतेय मी.

भावजी: मग कशात आहे?

वहिनी: चिठ्ठ्यांत.

भावजी: कागदाच्या?

वहिनी: स्क्रीनवरच्या. त्या पिवळ्या चौकोनी असतात त्या.

भावजी: त्या? त्या साइन-आउट केलं की जातात, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. किती आहेत?

वहिनी: चौसष्ट.

भावजी: चौसष्ट!

वहिनी: ओरडू नका, कान आहे तो. ऐका नीट, वेळ नाही. मास्तर माहितीयत ना? निवृत्त मास्तर, घरी ऑक्सिजन लावलेले?

भावजी: ते दर वेळी तुम्हाला फोनवर बावीसचा पाढा विचारतात तेच?

वहिनी: तेच. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. लेकीकडे राहायला गेलेत. नवा पत्ता मी चिठ्ठीवर घेतला. आणि काल डॉक्टरांनी त्यांचा ऑक्सिजन दोनाचा चार केला. म्हणजे सिलिंडर निम्म्या वेळात संपणार. मी मोजून ठेवलंय. बारा चाळीसला काटा खाली येणार.

भावजी: आत्ता बारा सात.

वहिनी: घड्याळ मलाही आहे.

भावजी: मग पत्ता आठवा की! काल तर लिहिलात.

वहिनी: काल एकशे दहा फोन घेतले मी, भावजी. लिहिलं म्हणूनच आठवत नाही. लिहिलं की डोक्यातून सोडून देते मी. पाण्याची टाकी की असं काहीतरी होतं. अशा टाक्या या शहरात सहा आहेत.

भावजी: चिठ्ठी स्क्रीनवर दिसतेय का?

वहिनी: वरच्या तेवीस दिसतायत. मास्तर खाली आहेत. सरकवल्याशिवाय नाही दिसणार.

भावजी: मग लेकीला फोन लावा.

वहिनी: तिचा नंबर कालच्या फोनच्या यादीत आहे. आणि यादी कुठे आहे? तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फोनमध्ये! टेबलावरचे चांगले गुबगुबीत फोन उचलून नेलेत तुम्ही, म्हणालात, आता सगळं स्क्रीनवर. घ्या स्क्रीनवर.

भावजी: मास्तरांचा स्वतःचा मोबाईल?

वहिनी: थांबा, गाडीवरच्या पैलवानाला जोडते, अॅपमधल्या जुन्या पत्त्यावर गेलाय तो, त्याच्याच तोंडून ऐका. पैलवान? ऐकू येतंय? भावजीपण आहेत लाइनवर.

पैलवान: बोला वहिनी. नमस्कार भावजी. मी उभा आहे मास्तरांच्या जुन्या दारात. कुलूप आहे बरं का. हे एवढं मोठं.

वहिनी: आणि मोबाईलचं सांग त्यांना.

पैलवान: मोबाईल वाजतोय की. आत. दाराला कान लावला तर गाणं ऐकू येतंय. म्हातारा फोन घरीच विसरून गेला.

भावजी: शेजारीपाजारी?

पैलवान: कामाला गेलीत सगळी. एक कुत्रं आहे, ते माझ्याशी बोलायला तयार नाही. वहिनी, सिलिंडर खाली ठेवू का खांद्यावरच ठेवू? म्हणजे कसं, लगेच निघायचं असेल तर परत उचलायचा जीव नाही माझ्यात.

वहिनी: गाडीत ठेव आणि गाडी चालू ठेव. लाइन सोडू नकोस. ऐकलंत भावजी?

भावजी: ऐकलं. म्हणूनच म्हणतो, मला पुसू द्या. तुमचा पुसला की फोन सुरू होतात. काहीतरी कमी पडलं तर लेक स्वतः फोन करेल. आत्ता तिने केला तरी आपला नंबर लागत नाहीये, कळतंय का?

वहिनी: ती करणार नाही.

भावजी: का नाही करणार? बाप आहे तिचा.

वहिनी: कारण तिला वाटतंय सिलिंडर उद्यापर्यंत पुरेल. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोनाचा चार मास्तरांनी स्वतःच फिरवला, लेक ऑफिसात होती. मला म्हणाले, पोरीला सांगू नका, उगाच घाबरेल. ती फोन करेल तेव्हा काटा शून्यावर जाऊन बसलेला असेल.

भावजी: बारा नऊ.

वहिनी: मोजत काय बसलात! दुसरा काही मार्ग आहे की नाही? एवढं शिकलात, तुमच्या दादांनी मशीनला वर्षभर नाही नाही म्हणून शेवटी हो म्हटलं, त्यात एक मागचा दरवाजा नाही?

भावजी: आहे. एक आहे. पण नकोय.

वहिनी: बोला.

भावजी: तुमचा ठेवायचा आणि बाकी एकवीस जणांचे पुसायचे. त्यांचे रोजच्या रोज कोरे होतात, त्यामुळे सगळ्यांचे मिळून मूठभर भरतील. तेवढ्या जागेत तुमचा डेस्कटॉप श्वास घेईल. दोन मिनिटं. फार तर तीन. मग परत थिजेल.

वहिनी: मग करा की! तीन मिनिटांत मी चौसष्टच्या चौसष्ट वाचून दाखवते.

भावजी: वहिनी, एकवीस माणसांचं सकाळपासूनचं काम जाईल. ज्यांनी सेव्ह केलं नाही त्यांचं सगळं.

वहिनी: सकाळपासून म्हणजे तीन तास. परत करतील.

भावजी: त्यात दादा आहे.

वहिनी: असू देत. हे काय सोन्याचे आहेत?

भावजी: दादा त्या मोठ्या हॉस्पिटलच्या टेंडरचं उत्तर लिहितोय. अकरा पानं. एक वाजता पाठवायचंय.

वहिनी: ... सेव्ह केलं असेल.

भावजी: दादाने? त्याच्या मते सेव्ह करणं हे कारकुनाचं काम आहे. नऊ वाजल्यापासून मला तीनदा सांगितलंय, आज मशीन नीट चालव, आज माझं काम आहे.

पैलवान: मी ऐकतोय बरं का सगळं. म्हणजे नंतर मी ऐकलं नाही असं म्हणू शकतो, पण ऐकतोय.

वहिनी: तू गप्प बस. भावजी, हे घरी काय बोलतील ते मी बघते. चाळीस दिवस तोंड फुगवून बसतील. बसू देत. करा.

भावजी: तुम्हाला सोपं आहे बोलायला. तुमचा नवरा आहे. माझा तो मोठा भाऊ आहे आणि मालक पण आहे. मशीन बसवलं तेव्हा काय म्हणाला माहितीय? एकदा जरी माझं काम अडलं, तर तू आणि तुझं मशीन दोघं गोडाऊनमध्ये.

वहिनी: मग गोडाऊनमध्ये बसा! निदान मास्तर जिवंत आहेत हे माहीत असताना बसाल.

भावजी: असं बोलायचं नसतं, वहिनी.

वहिनी: मग कसं बोलू? एकवीस विरुद्ध एक असं मांडताय ना तुम्ही? एकवीस जणांचे कागद आहेत. त्या एकाचा श्वास आहे. बारा अकरा झाले.

भावजी: दारावर कोणीतरी थाप मारतंय.

वहिनी: कोण?

भावजी: दादा. आवाज त्याचाच आहे. «दार उघड, माझी स्क्रीन हलत नाहीये.»

वहिनी: उघडू नका.

भावजी: तोडेल तो.

वहिनी: लोखंडी आहे. तुम्हीच बसवून घेतलंय, धूळ नको म्हणून. भावजी, माझ्याकडे बघा. म्हणजे, ऐका. तुम्ही वाईट माणूस नाही. घाबरट आहात, ते ठीक आहे. बटण दाबा आणि खुशाल घाबरा.

भावजी: ... बारा. चौदा. सोळा. एकोणीस. दादाचा शेवटी ठेवलाय.

वहिनी: म्हणजे?

भावजी: म्हणजे पुसतोय! एकेक करावा लागतो. वीस.

वहिनी: आणि?

भावजी: एकवीस. गेला. देवा. गेला. आता तुमच्याकडे बघा. बाण हलतोय?

वहिनी: नाही. नाही हलत. हलला! हलला, पण सगळं गेलं! निळं झालं, पासवर्ड मागतोय!

भावजी: तेच आहे, आतमध्ये आहे सगळं. कुलूप लागलंय फक्त. पासवर्ड टाका. लवकर.

वहिनी: टाकतेय. चुकला म्हणतोय.

भावजी: सावकाश टाका. तीनदा चुकला तर पाऊण तास उघडणार नाही.

वहिनी: लवकर म्हणू का सावकाश म्हणू ते ठरवा! परत चुकला.

भावजी: काय टाकताय? मला सांगा, मी इथून टाकतो.

वहिनी: तुम्हाला नाही सांगणार.

भावजी: वहिनी, आत्ता लाज कसली!

वहिनी: तुमचंच नाव आहे आणि पुढे एक शब्द आहे. तो नाही सांगणार. थांबा. कळलं, ते मोठ्या अक्षरांचं बटण दाबलं गेलं होतं. उघडलं!

भावजी: नकाशा बंद करा! सगळ्यात आधी नकाशा, तो जागा खातोय.

वहिनी: केला. मोबाईल स्पीकरवर टाकतेय, फोटो काढते प्रत्येक पानाचा. पहिलं पान झालं. खाली सरकतेय. हळू चाललंय हो, अडकत अडकत.

भावजी: दमला आहे तो. थेट मास्तरांवर जा, बाकीचं सोडा.

वहिनी: बाकीचं कसं सोडू? यात एक बाई आहे, तिला उद्या पहाटे सिलिंडर आहे आणि तिचं घर...

भावजी: वहिनी! मास्तर!

वहिनी: जातेय. हा नाही. हापण नाही. हा आला, मास्तर! «लेकीकडे. पाण्याची टाकी, बाजाराच्या बाजूची. समोर छापखाना. छापखान्याच्या डावीकडून बोळ. बोळात चार मजली इमारत, जिना...»

भावजी: पुढे?

वहिनी: थांबलं.

भावजी: जिना काय?

वहिनी: थिजलं परत. पुढची ओळ चिठ्ठीच्या आत आहे. चिठ्ठी मोठी करायची होती, तेवढ्यात... पैलवान! ऐकलंस?

पैलवान: निघालोसुद्धा. बाजाराची टाकी, छापखाना, डावीकडे बोळ, चार मजली. मजला?

वहिनी: मजला नाही मिळाला.

पैलवान: चारच आहेत ना. वाजवतो एकेक दार. दहा-बारा मिनिटं लागतील. बारा सोळा झालेत.

वहिनी: सिग्नल बघून जा, वेड्यासारखा नको.

पैलवान: वेड्यासारखाच जाणार, पण सिग्नल बघून.

भावजी: वहिनी, जे दिसतंय त्याचा फोटो घेतलात? आता मला तुमचा पुसावाच लागेल. फोन मेलेले आहेत. दुसरा एखादा मास्तर अडकला असेल तर?

वहिनी: फोटो घेतला. एकूण तेवीस चिठ्ठ्या आल्या आणि एक मास्तर.

भावजी: चाळीस राहिल्या.

वहिनी: येतं मला मोजता.

भावजी: पुसू?

वहिनी: ... पुसा.

भावजी: झालं. दोन मिनिटांत फोन चालू होतील. सगळ्यांना कोरा डेस्कटॉप मिळेल. तुमची कालच्या फोनची यादीही त्यातच गेली.

वहिनी: थाप थांबली का?

भावजी: थांबली. म्हणजे जास्त वाईट. तो आता जिन्यात बसला असेल. वहिनी, पैलवान पोचेपर्यंत एक सांगू?

वहिनी: सांगा. नाहीतर मी घड्याळाकडे बघून वेडी होईन.

भावजी: आज जे झालं ते मला माहीत होतं.

वहिनी: काय माहीत होतं?

भावजी: मशीन मेल पाठवतं मला. डिस्क सत्तर टक्के भरली. ऐंशी. नव्वद. तीन महिने येतायत. प्रत्येक मेलमध्ये एकच नाव, तुमचं. आणि बारा तास कोणी हात लावला नाही की आपोआप साइन-आउट व्हायची सोय होती, ती तुमच्या टेबलापुरती मीच काढली होती.

वहिनी: कधी?

भावजी: तुम्ही घरी सगळ्यांसमोर ओरडलात त्या रविवारनंतर. सुट्टीवरून आलात आणि चिठ्ठ्या गेल्या होत्या.

वहिनी: अकरा चिठ्ठ्या गेल्या होत्या. ओरडणारच.

भावजी: म्हणून काढली. म्हटलं, घरात शांतता. मग मेल यायला लागले. तुमच्याशी बोलायला जीभ रेटेना. आणि दादाला अजून एक डिस्क मागितली असती तर म्हणाला असता, तूच म्हणाला होतास ना सगळं मावतं.

वहिनी: तीन महिने मेल येत होते.

भावजी: हो.

वहिनी: आणि रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून चहा पीत होतात.

भावजी: हो.

वहिनी: किती वाजले?

भावजी: बारा चोवीस. काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर.

वहिनी: शिव्या देण्याएवढी मी कुठे धुतलेली आहे? भावजी, त्या अॅपमध्ये पत्त्याला एकच ओळ आहे आणि पत्ता बदलायला यांची मंजुरी लागते, दोन दिवस जातात, म्हणून मी चिठ्ठ्या ठेवते. असं मी सगळ्यांना सांगते ना?

भावजी: खरंच आहे ते. ते मी बदलायला हवं होतं.

वहिनी: अर्धं खरं आहे. खाली एक मोकळी जागा आहे. «इतर माहिती» म्हणून. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. पाचशे अक्षरं मावतात. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला.

भावजी: मग?

वहिनी: मग काय. त्यात लिहिलं की ते सगळ्यांना दिसतं. सकाळच्या पाळीला, नव्या पोरीला, यांना. मग ड्रायव्हर मला कशाला फोन करतील? आज पैलवान म्हणतो, वहिनींना विचारतो. हेसुद्धा म्हणतात, टेबलावर ती आहे म्हणून चाललंय. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे मला म्हणाले होते, तू नुसती बसायला ये ऑफिसात, घरी कंटाळशील. नुसती बसायला. चौसष्ट घरांचे जिने माझ्याकडे होते, भावजी. दुसऱ्या कोणाकडे नाहीत. आता तुम्ही बोला काहीतरी.

भावजी: बारा सव्वीस.

वहिनी: पैलवान? कुठे आहेस?

पैलवान: टाकी दिसली. छापखाना पण आहे. बोळात गाडी जात नाही. उतरतोय. सिलिंडर घेतो.

वहिनी: पळू नकोस, पडशील.

पैलवान: काडीएवढं अंग आहे माझं, पळायला गेलो तर सिलिंडरच मला घेऊन पळेल. बोळ लांब आहे हो वहिनी. चार मजली... इथे दोन आहेत चार मजली.

वहिनी: दोन?

पैलवान: समोरासमोर.

भावजी: जिना म्हणत होती चिठ्ठी. जिन्यात काहीतरी वेगळं असेल. नाहीतर कोण लिहितं जिन्याचं?

पैलवान: एकाचा जिना आत आहे. दुसऱ्याचा बाहेरून आहे, लोखंडी.

वहिनी: मी साधा जिना असता तर लिहिला नसता. बाहेरचा. बाहेरच्याने जा!

पैलवान: चढतो. पहिला मजला... वाजवलं. कोणी नाही. दुसऱ्या दाराला एक बाई आहे, मास्तर नाहीत म्हणते. दुसरा मजला...

भावजी: बारा तेहेतीस.

वहिनी: गप्प बसा हो.

पैलवान: दुसऱ्यावर... दम... दम लागला. नाहीत. तिसरा.

वहिनी: पैलवान, बोलू नकोस, नुसता चढ.

भावजी: काही ऐकू येतंय?

वहिनी: दार वाजवतोय. परत वाजवतोय. कोणी उघडत का नाही?

भावजी: बारा छत्तीस.

वहिनी: कोणीतरी खोकतंय. आत. ऐकलंत? पैलवान, तेच! दार ढकल!

भावजी: वहिनी, काय झालं?

वहिनी: काही ऐकू येत नाही. फोन खिशात टाकला त्याने. खडखड येतेय. लोखंडाची. पाना फिरवतोय बहुतेक.

भावजी: आता?

वहिनी: थांबा म्हणते ना!

पैलवान: ... वहिनी.

वहिनी: बोल.

पैलवान: लावला. काटा पार खाली टेकला होता. ओठ जरा निळे होते, आता येतोय रंग. बसलेत खुर्चीत. बोलू नका म्हणतोय तरी बोलतायत.

वहिनी: काय म्हणतायत?

पैलवान: म्हणतायत, उशिरा आलास, बाकावर उभा राहा.

भावजी: हुश्श.

वहिनी: त्यांना म्हणावं, मी येते उद्या पाढा म्हणायला. पैलवान, तू तिथेच बस पंधरा मिनिटं. लेकीचा नंबर घे आणि तिला सगळं सांग, चारचं पण. मास्तर नको म्हणाले तरी.

पैलवान: सांगतो. इथे पाणी मिळेल का बघतो आधी.

वहिनी: भावजी? आहात का?

भावजी: आहे. खाली बसलोय जमिनीवर.

वहिनी: दाराचं काय?

भावजी: मघाशीच उघडलं, तुम्ही दार ढकल म्हणालात ना तेव्हा. तो आत आला आणि माझ्या हातातल्या फोनवर तुमचं सगळं ऐकत उभा होता. शेवटपर्यंत.

वहिनी: चिठ्ठ्यांचंपण?

भावजी: ते आधीचं. ते नाही ऐकलं त्याने.

वहिनी: बरं. आणि टेंडरचं उत्तर?

भावजी: मी सांगितलं, मी पुसलं. मेलचंही सांगितलं. त्याने कागद मागितला. आता हाताने लिहितोय, बाहेर माझ्याच टेबलावर. पोचतं का एकपर्यंत कोण जाणे. गोडाऊनचं काही बोलला नाही अजून.

वहिनी: बोलतील. यांचं सगळं रात्रीच्या जेवणाला येतं. माझं मी सांगेन त्यांना, तुम्ही मध्ये पडू नका. माझ्यासमोर कोरा डेस्कटॉप आलाय. नुसता निळा.

भावजी: पंचेचाळीस मिनिटं आहेत पुढच्या गाड्या निघायला. तुमच्याकडे तेवीसचे फोटो आहेत, ते नवीन पोरगी टाकेल अॅपमध्ये. उरलेल्या चाळीस तुमच्या डोक्यात किती आहेत?

वहिनी: म्हटलं ना, लिहिलं की सोडून देते. पण सात महिन्यांत घासून घासून राहिल्या असतील. तीसेक येतील. बाकीच्यांना फोन करून विचारू.

भावजी: बोला मग. मी टाकतो. सगळं «इतर माहिती»त. दिसू दे सगळ्यांना?

वहिनी: ... घ्या लिहून. शिवणकामवाल्या बाई. मागच्या दाराने जायचं, पुढचं फुगलंय, उघडत नाही.

भावजी: हं. पुढचा.

वहिनी: दोघं भाऊ राहतात ते. धाकट्याच्या हातात सिलिंडर द्यायचा नाही, त्याचा हात थरथरतो. त्याला वाईट वाटू द्यायचं नाही, म्हणून मोठ्याला आधी हाक मारायची.

भावजी: मोठ्याला आधी हाक. झालं. पुढचा.

वहिनी: उद्या पहाटेच्या बाई. एकट्या आहेत, डोळ्यांनी दिसत नाही. दार उघडत नाहीत कोणाला. आधी फोन मी करते, माझा आवाज ओळखतात, मग... नाही. थांबा. खोडा ते. असं लिहा, जो कोणी फोन करेल, त्याने आधी आपलं नाव सांगावं.